एका गाण्याचे किती?

यंदा या सदराचा विषय जरा रुक्ष आहे. पण त्यात माझा मामा आहे, म्हणून वाचा.

मंडळाचा रविवार सकाळचा इंटरनेट रेडिओ २०२० साली लॉकडाउनमध्ये सुरू झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. भावगीतं, नाट्यगीतं, मध्येच कुणाची तरी आमटीची कृती. निवेदन माझ्याकडे आलं, कारण शिक्षिका एकदा बोलायला लागली की थांबत नाही, असा समज आहे. (खोटा नाही.) २०२१च्या उन्हाळ्यात हा रेडिओ चोवीस तास चालवायचं ठरत होतं. तेवढ्यात झूमवर नव्या खजिनदारांनी विचारलं, "या गाण्यांचे पैसे आपण कुणाला देतो?"

सगळे गप्प. मग एक काका म्हणाले, "अहो, आपण काय धंदा करतोय? प्रेमाने लावतो गाणी." मीही मान डोलावली.

त्या रात्री भांडी आवरून वाचायला बसले. इथे एका गाण्यात दोन हक्क असतात. शब्द आणि चाल हा एक. त्याचे पैसे गीतकार-संगीतकारांना जातात. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे कंपनी, गायक आणि वादकांचा. आपल्या गाडीतला एफएम रेडिओ पहिल्याचे पैसे देतो, दुसऱ्याचा छदामही देत नाही. मात्र तेच गाणं इंटरनेटवरून वाजलं, की १९९५ आणि १९९८च्या कायद्यांमुळे दोन्हीचे द्यावे लागतात. २०२१चा दर होता एका श्रोत्यामागे, एका गाण्याला ०.२१ सेंट.

एवढंच? मलाही तसंच वाटलं. सातवीला गणित शिकवलेली मी, पाकिटाच्या मागे आकडे मांडले. पन्नास श्रोते, तासाला बारा गाणी, म्हणजे तासाला १ डॉलर २६ सेंट. दिवसाला तीस डॉलर. वर्षाला अकरा हजारांच्या वर! पन्नास माणसांसाठी. आणि लाखो श्रोत्यांचं एफएम स्टेशन गायकाला शून्य देतं. उपग्रहावरून चालणाऱ्या सिरियस एक्सएमला मिळकतीच्या १५.५ टक्के द्यावे लागतात. मिळकत घटली तर देणंही घटतं. लहान नेट रेडिओच्या खिशात काही येवो न येवो, मीटर चालूच.

अन्याय आहे, असं तावातावाने लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला मामाला फोन लावला. मामा मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवायचा. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, पण यातले वाजवणाऱ्याला किती?"

ते मी वाचलंच नव्हतं. मग पाहिलं. साउंडएक्सचेंज ही संस्था ध्वनिमुद्रणाचे हे पैसे गोळा करते. निम्मे कंपनीला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, आणि ५ टक्के साथीच्या वादक-गायकांसाठी. करार काहीही असो, कलाकाराचा वाटा कंपनीच्या हातून जात नाही, थेट मिळतो.

मामा बराच वेळ बोलला नाही. त्याच्या वेळी रेकॉर्डिंग संपलं की पाकीट मिळायचं, विषय संपला. एकदा दादरला हॉटेलात चहा पिताना रेडिओवर त्याचाच व्हायोलिनचा तुकडा लागला. शेजारच्याला तो म्हणाला, "हे मी वाजवलंय." त्या माणसाने बशी उचलली आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. हे सांगताना मामा दरवेळी हसतो. या वेळी हसला नाही.

आपल्याकडे साठच्या दशकात लतादीदींनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली तेव्हा रफीसाहेबांचं मत होतं, मानधन घेतलं की गायकाचा हक्क संपला. त्यावरून काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने पक्का व्हायला २०१२ उजाडलं.

तेव्हा माझा तावातावाचा लेख मी फाडला. पैसे द्यायचेच. माझी तक्रार आता वेगळी आहे: मोठ्याला माफी आणि लहानाला मीटर, हे कुठलं गणित? एफएमवाले म्हणतात, आम्ही गाणं वाजवतो तीच गायकाची जाहिरात. लग्नात फुकट गा, चार लोक ऐकतील, त्यातलाच हा प्रकार. (गणेशोत्सवात स्थानिक कलाकारांना आपणही हेच सांगतो, ते जाऊ दे.) २००७ साली दर पाच वर्षांत ०.०८ वरून ०.१९ सेंटांवर न्यायचं ठरलं, तेव्हा २६ जूनला कित्येक नेट रेडिओंनी दिवसभर गाणी बंद ठेवली होती. २०२१च्या जूनमध्ये संसदेत एक विधेयक आलं होतं. त्यानुसार एफएमलाही गायकांचे पैसे द्यावे लागले असते, आणि दीड मिलियन डॉलरपेक्षा कमी मिळकतीच्या लहान स्टेशनांना वर्षाला फक्त ५०० डॉलर. मोठ्याकडून मोठं आणि लहानाकडून लहान, असं घेता येतं तर! माझ्या खासदाराला मी पत्र लिहिलं होतं.

आपल्यापुरती वाट खजिनदारांनीच शोधली. मंडळ ना-नफा संस्था म्हणून नोंदलेलं आहे. अशा रेडिओला २०२१ साली महिन्याला १,५९,१४० श्रोता-तासांपर्यंत, म्हणजे सरासरी २१८ माणसं अहोरात्र ऐकत असतील तोवर, वर्षाला एका वाहिनीचे १,००० डॉलर पुरत होते. गीतकार-संगीतकारांचा परवाना वेगळा. चाळीस घरांनी पंचवीस-पंचवीस काढले की हजार होतात. त्या काकांनी पहिले दिले.

परवान्याचे नियम मात्र मजेशीर आहेत. तीन तासांत एकाच कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी लावायची नाहीत, पुढे काय लागणार ते आधी जाहीर करायचं नाही. त्यामुळे अमुक वाजता आशाताईंचं अमुक गाणं लावा, ही फर्माईश कृपया पाठवू नका.

आणि हा परवाना अमेरिकेपुरता. भारतातल्या श्रोत्यांसाठी तिथले हक्क वेगळे घ्यावे लागतात, ते आपल्याला परवडत नाहीत. त्यामुळे दिवाळीपासून डोंबिवलीत आपला रेडिओ लागणार नाही. मामाला हे सांगायला मी चार दिवस लावले. तो म्हणाला, "माझा तुकडा लागेल तेव्हा फोन कर. शेजारच्याला सांग, माझ्या मामाने वाजवलंय."

सांगितलं. शेजारच्या बाई केरळच्या आहेत. त्या उठून गेल्या नाहीत.