समुद्रकांठचे दगड आणि शंखशिंपले

दिवाळीची सुटी संपून मंडळी कोंकणांतून पुण्यास परतलीं, कीं घरोघरीं मुलांच्या पिशव्या रिकाम्या होऊं लागतात. हर्णै, दिवेआगर, गुहागर येथील वाळूबरोबर शंख, शिंपले, कवड्या आणि गुळगुळीत गोटे बाहेर पडतात. हल्लीं माशांची काचेची पेटी पुष्कळ घरांत आलेली असल्यामुळें हा सर्व ऐवज तींत मांडावा, असा मुलांचा हट्ट असतो. आजोबा कौतुक करतात, आई वाळू झाडून काढते; पण हें आणण्याचा आपणांस अधिकार होता काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. या खेपेस त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कायदा पाहूं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. २००१ सालीं त्याच्या अनुसूचींत समुद्रांतील अनेक जीव घालण्यांत आले. सर्व दगडी प्रवाळें, काळें प्रवाळ, पंख्यासारखीं पसरणारीं प्रवाळें, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या यांस पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, स्थान मिळालें. शंख-शिंपल्यांच्याही सुमारें दोन डझन जाती संरक्षित झाल्या. गोव्यांतील जुन्या घरांच्या खिडक्यांस कांचेऐवजीं जो चपटा अर्धपारदर्शक शिंपला बसवीत, तोही त्या यादींत आला. २०२२ सालच्या दुरुस्तीनें अनुसूची नव्यानें मांडल्या गेल्या आणि शिक्षाही वाढली. पहिल्या अनुसूचींतील जीवासंबंधीं गुन्ह्यास आतां तीन ते सात वर्षें कैद आणि निदान २५,००० रुपये दंड आहे.

“पण तें तर मेलेलें होतें, लाटेनेंच कांठावर टाकलें होतें,” असें कोणी म्हणेल. हें समर्थन टिकत नाहीं. मृत सांपडलेला वन्य प्राणी सरकारच्या मालकीचा, असें त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमांत सांगितलें आहे. मालवणची गोष्ट तर अधिकच कडक आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड हे त्याच्या गाभ्याच्या भागांत येतात. अभयारण्यांतून परवान्यावांचून वन्यजीव वा त्यांचे अवशेष नेण्यास मनाई आहे. तेव्हां किल्ला पाहावा, डोळे भरून समुद्र पाहावा आणि हात रिकामे ठेवून परतावें.

दगडांविषयीं म्हणाल, तर भरतीच्या रेषेखालील समुद्रतळ महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणें सरकारचा आहे, आणि किनारी क्षेत्रांतून वाळू वा खडक खणून नेण्यास २०१९ सालच्या अधिसूचनेनें बंदी आहे. एखाद्या बालकानें साध्या किनाऱ्यावरून दोन रिकामे शिंपले उचलले, तर त्याच्यावर हा कायदा धांवून येईल, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पोतेंभर गोटे मोटारींत भरणाऱ्या वडील माणसानें बालकाच्या आड लपूं नये.

रिकामा शंख निरुपयोगी असतो, हाही एक भ्रमच. एका जातीचा खेकडा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखांतच आपलें मऊ अंग लपवितो. तो वाढला, कीं त्यास मोठें घर शोधावें लागतें. उरलेले शंख झिजून त्यांचीच वाळू होते. स्पेन देशांतील सालू गांवाजवळच्या एका किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनीं तीस वर्षांच्या अंतरानें मोजणी केली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत असें दिसलें, कीं पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले आणि शिंपल्यांचें प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटलें. प्रत्येकानें मूठभरच नेले असतील. पण मुठी किती, हें कोणी मोजलें नव्हतें.

आतां पेटींतील माशांकडे वळूं. शंख, शिंपले आणि प्रवाळ हे चुन्याचे बनलेले असतात. गोड्या पाण्यांत ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड व क्षारयुक्त करतात. गोल्डफिश तें सोसतो. पण ॲमेझॉनच्या मऊ पाण्यांतून आलेल्या निऑन टेट्रासारख्या लहान माशांस तें बाधतें. शंखांत जीवाचा अंश राहिला, तर तो कुजून पाणी नासतें तें वेगळेंच. पेटीस शोभा हवी असल्यास आपल्या पुण्याचा काळा पाषाण उत्तम. तो पाण्यांत विरघळत नाहीं. मात्र त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असल्यास त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फेंस आला, तर तो चुना समजावा आणि दगड बाहेर ठेवावा.

हे नियम मुलांनाच सांगून वडीलधाऱ्यांस सुटतां येणार नाहीं. बाजारांत “इंद्रजाल” या नांवाची एक जाळीदार वनस्पति घरांत ठेवण्यासाठीं विकली जाते. ती दृष्ट टाळते आणि लक्ष्मी आणते, असें विक्रेते सांगतात. ती वनस्पति नव्हे. समुद्रतळावरून उपटलेलें प्रवाळच तें, आणि तेंही पहिल्या अनुसूचींतील. नातवाच्या हातांतील शिंपला काढून घ्यावयाचा आणि भिंतीवर इंद्रजाल टांगावयाचें, हा कसला न्याय?

आपल्या देवघरांतही दगड आहेतच. पंचायतनांत नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, शोण नदीचा तांबडा पाषाण असतो. शाळिग्राम तर पुरातन, नामशेष झालेल्या एका शंखधारी जलचराचाच अश्मीभूत देह होय. आपल्या पूर्वजांनीं हे दगड आणले, पण पांच आणले आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळले. योगशास्त्रांतील अस्तेय आणि अपरिग्रह हीं व्रतें घरांतील मुलांस शिकविण्यास याहून सोपा पाठ सांपडणार नाहीं.

तेव्हां व्यवहारापुरतें इतकें पाळावें. प्रवाळ, समुद्री घोडा, इंद्रजाल हीं उचलूंही नयेत आणि विकतही घेऊं नयेत. शंख हातीं घेतांच आंत जीव आहे काय तें पाहावें. निमुळत्या शंकूच्या आकाराच्या शंखास तर हातही लावूं नये, कारण त्यांतील जिवंत प्राणी विषारी दंश करतो. अभयारण्यांतून कांहीं आणूं नये. इतरत्रही मुलानें एखादाच रिकामा साधा शिंपला निवडावा. त्याचा दिवस, गांव आणि चित्र वहींत काढून ठेवावें, आणि बाकीचे जेथें होते तेथेंच ठेवावेत. कोणता ठेवावयाचा, याचा वाद भावंडांत खुशाल होऊं द्यावा.