काचेबाहेरची आई

खासगी रुग्णालयांच्या लॉबीतल्या पियानोवर मागे लिहिलं तेव्हा तीन डॉक्टरांनी फोन करून झापलं होतं. आजही नंबर तोच आहे.

सोमवारी अशाच एका रुग्णालयात भाचीच्या बाळाला बघायला गेलो. साडेसातव्या महिन्यात झालेलं, सव्वा किलोचं, काचेआड पेटीत. भाची बाहेर बाकावर. भेट दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. तिचा गाऊन पुढून ओला झालेला, ती सारखी ओढणी पुढे घेत होती. हातात चिठ्ठी होती : पावडरचा डबा, खालच्या मेडिकलमधून.

"आईला आत का नाही घेत?" मी सिस्टरना विचारलं. "इन्फेक्शन होतं, काका."

याच इन्फेक्शनपायी सायनच्या पालिका रुग्णालयात आयांना आत घेतलं होतं! डॉ. अर्मिडा फर्नांडिस तिथे नवजात विभाग सांभाळत. बाळं जंतुसंसर्गानं दगावत होती. पैसा तुटपुंजा, सिस्टर मोजक्या. मॅडमनी बाटल्या आणि डबे हद्दपार केले. आयांना हात धुवायला लावून बाळांजवळ आणलं. ज्यांना दूध कमी, त्यांच्या बाळांसाठी १९८९ मध्ये दूधपेढी काढली, आशियातली पहिली. दूध देणाऱ्या बाईची एचआयव्ही, कावीळ तपासायची, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, मग गोठवायचं. चिमुकल्यांना ते नळीनं, नाहीतर वाटी-चमच्यानं. बाई पुढे तिथेच अधिष्ठाता झाल्या. बाळाचं दुखणं वॉर्डात येण्याआधी वस्तीत सुरू होतं, म्हणून १९९९ मध्ये 'स्नेहा' ही संस्था काढून धारावीत उतरल्या. बालरोगतज्ज्ञाची अशी कारकीर्द हल्लीच्या पॅकेजात बसत नाही.

१९९२च्या कायद्यानं डब्याची जाहिरात बंद आहे, डब्यावर बाळाचा फोटोसुद्धा छापता येत नाही. चिठ्ठीला फोटो लागत नाही.

एका काचेवरून सगळ्यांना मोजू नका, असं कुणी म्हणेल. मी मोजतो. लॉबीत धबधबा असला की आई बाहेरच्या बाकावर असणार, हा माझा ठोकताळा. पुरावा मागू नका, धबधबे मोजा. काही बाळांना डबा खरोखरच लागतो, हेही मला ठाऊक आहे. पण ओल्या गाऊनातल्या बाईला आधी दूध काढून द्यायला तरी सांगाल की नाही? वाटी पालिकेलाच परवडते का?

शेवटी चिठ्ठी घेऊन मीच खाली गेलो. मी ती उघडायच्या आत मेडिकलवाल्यानं डबा काउंटरवर ठेवला होता.