अर्जुनाची साल आणि हृदयाचे दुखणे

वनस्पतीत औषध असते, ही गोष्ट कोकणातील शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. अंगणातील तुळस, परसातील अडुळसा आणि बांधावरील निर्गुडी यांचे गुण घरोघरी माहीत आहेत. तथापि पडशाखोकल्यावरचा काढा व हृदयाच्या दुखण्यावरचा काढा यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर अलीकडे पुसट होऊ लागले आहे. 'हृदयास बळ देणारी' म्हणून अर्जुनाची साल आज भुकटी, गोळ्या व काढा अशा नाना रूपांनी विकली जाते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास शेतकरी दोन प्रश्न हमखास विचारतो : ही साल खरोखर गुणकारी आहे काय, आणि तिची झाडे लावली तर चार पैसे मिळतील काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे जपून द्यावयास हवीत.

अर्जुनाची परंपरा जुनी आहे. वाग्भटाने हृद्रोगात तिचा निर्देश केला; अकराव्या शतकातील चक्रदत्तात साल दुधात शिजवून देण्याची कृती आली. आधुनिक काळातही या सालीवर काही प्रयोग झाले आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु ते बहुतेक थोड्या रुग्णांवरील व थोड्या मुदतीचे आहेत. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी बंद करून तिच्या जागी साल घ्यावी, असे सांगण्यास त्यांत कोणताही आधार नाही. वैद्याच्या सल्ल्याने साल घेणाऱ्याने ती गोष्ट आपल्या डॉक्टरासही सांगावी. ती लपविण्यात काहीच लाभ नाही.

याहून निकडीचा प्रश्न ओळखीचा आहे. आपल्याकडे ऐनास सादडा म्हणतात व अर्जुनास अर्जुन सादडा. दोघे एकाच कुळातले. पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवर ऐन व किंजळ मुबलक आहेत. भाताच्या रोपासाठी राब भाजावयास ऐनाच्या फांद्या तोडणे येथील शेतकऱ्याच्या हातवळणीचे काम आहे. अर्जुन मात्र ओहोळ-नदीच्या काठचे झाड आणि संख्येने विरळ. मग 'सादड्याची साल' मागणाऱ्याच्या पदरात कोणती साल पडेल, हे उघड आहे. वास्तविक दोन्ही झाडे ओळखणे मुळीच कठीण नाही. ऐनाची साल काळपट, जाड व सुसरीच्या पाठीप्रमाणे चौकटी-चौकटींनी भेगाळलेली असते. अर्जुनाचे खोड फिकट राखी, गुळगुळीत व त्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. दोघांच्याही फळास पाच पंख असतात, म्हणून केवळ फळावरून निर्णय करू नये, खोड पाहावे. सालीची भुकटी झाल्यावर मात्र ही ओळख नजरेने पटत नाही. रानातून साल आणणाऱ्या कातकरी-ठाकूर बांधवांस झाडे आपल्यापेक्षा चांगली कळतात. घोटाळा पुढे, मालाचे नाव व भाव ठरविणाऱ्या हातांत होतो, आणि त्याचा बोल मात्र रानात राबणाऱ्यास लागतो.

वनस्पतीचे औषध सिद्ध कसे होते, याचा धडा मुंबईतच घडला. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यकात पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांस देऊन, प्रत्येकाचा दाब मोजून, नोंदी ठेवून आपला निबंध १९४९ मध्ये इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. साऱ्या जगाचे लक्ष त्याकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांस अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. हा अभिमानाचा भाग झाला. दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. रेसर्पिनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजावी लागते. ती वाढली तर मन खचते, नाडी मंद होते, आणि मुळीमुळीत द्रव्याचे प्रमाण निराळे असते. पुढे अधिक सोयीची औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला. दरम्यान मुळी खणताना झाडच उपटले जाते, त्यामुळे रानातील सर्पगंधा इतकी घटली की १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर करारान्वये नियंत्रण आहे. चिमूटभर मुळी 'दाबावर' चघळावयास देणारा मनुष्य वकिलांच्या नावाचा आधार घेतो, पण त्यांनी घेतलेली खबरदारी घेत नाही.

चीन देशातही हाच प्रश्न आहे. तेथे हृदयाच्या दुखण्यावर दानशेन नावाच्या तांबड्या मुळीचा वापर फार. तीच मुळी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन या औषधाबरोबर घेतली असता रक्तस्रावाचा धोका वाढतो, असे आढळून आले आहे. आपल्या बचनागाच्या जातीची मुळीही तेथे औषधात आहे; ती पुरेशी शिजविली नाही तर हृदयाची गती बिघडून माणसे दगावतात. परंतु एक गोष्ट चिनी शेतकऱ्याकडून घेण्याजोगी आहे. दानशेन तेथे शेतात पीक म्हणून लावले जाते. माल कोणत्या शेतातला, कोणत्या हंगामातला, हे सांगता येते. आपली साल अद्याप बव्हंशी वाटेल त्या झाडावरून सोलली जाते.

आपल्या दारातही असा एक मासला आहे. पूजेच्या फुलांसाठी लावलेली पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बियांत हृदयावर थेट परिणाम करणारे जहाल विष असते. विलायतेत १७८५ मध्ये विल्यम विदरिंग याने ज्या डिजिटॅलिस वनस्पतीचा हृदयरोगातील उपयोग वर्णिला, तिच्या द्रव्याशी याचे नाते आहे. तेथेही औषध आणि विष यांत मात्रेचे अंतर अगदी थोडे. मुले खेळतात त्या अंगणात ही झाडे असतील तर पडलेली फळे रोजच्या रोज गोळा करून पुरावीत.

छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, की घरात पहिला शब्द निघतो तो 'वायू धरला'. मग ओवा, सोडा, काढा, शेक. खरा घात येथे होतो. हृदयाच्या झटक्यात रक्तवाहिनी तुंबलेली असते व प्रत्येक घटकेला हृदयाचा अधिक भाग निकामी होत जातो. ती मोकळी करण्याचा उपाय रुग्णालयातच आहे, आणि जितक्या लवकर तितका तो गुण देतो. डोंगरातील वाडीवरून रस्त्यापर्यंत येण्यातच वेळ जातो. त्यात काढा उकळण्याची भर घालू नये. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा व रुग्णास चालवू नये.

रक्तदाब आरोग्य उपकेंद्रात मोजून मिळतो. तो वाढलेला असेल तर सालीच्या आधी ताटाकडे पाहावे. दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सुकट, खारवलेली मासळी, लोणचे आणि ज्यांची कीर्ती दूरवर आहे ते पेणचे पापड एकाच ताटात आले, तर त्या मर्यादेचे काय होते याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. मिश्री व तंबाखू यांविषयी तर दुमत असण्याचे कारणच नाही.

आता लागवडीविषयी. अर्जुन हे चार महिन्यांत पैसे देणारे पीक नव्हे, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. तथापि भोगावती, अंबा व कुंडलिका यांच्या काठी, ओहोळाच्या धारेने ढासळणाऱ्या बांधांवर हे झाड लावण्यासारखे दुसरे चांगले काम नाही. त्याची मुळे काठ धरून ठेवतात आणि लाकूडही उपयोगी पडते. भर उन्हाळ्यापूर्वी पिकलेली फळे गोळा करून, काही दिवस पाण्यात भिजवून पिशव्यांत लावावी. पावसाळा सुरू होताच ज्या जागी पाण्याची ओल टिकते तेथे चांगली वाढलेली रोपे न्यावी.

झाड मोठे झाल्यावर साल काढावयाची ती भोवताली सोलून नव्हे. वर्तुळाकार साल काढली की झाड मरते. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेने मध्य भारतात केलेल्या अभ्यासातून निघालेली रीत अशी, की खोडाच्या घेराचे चार भाग कल्पून समोरासमोरच्या भागांतील केवळ बाहेरची व मधली साल घ्यावी, आतला थर तसाच ठेवावा. साल पुन्हा भरून येण्यास सुमारे दोन वर्षे लागतात. तोपर्यंत त्या भागास कोयता लावू नये. झाड वनखात्याच्या हद्दीतील असल्यास आधी वनरक्षकास भेटावे, आणि विकताना पोत्यावर झाडाचे नाव, गाव व साल काढल्याचा महिना लिहून ठेवावा.