मालक कोण?

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. संगणकाच्या कार्यप्रणालींच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या, इतिहासात मात्र ही दोन्ही कामे एकदमच उरकलेली दिसतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी 'मल्टिक्स' नावाची अवाढव्य प्रणाली उभारायला घेतली. १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले. तेथील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मग एक आटोपशीर प्रणाली रचली. 'मल्टी'च्या पसाऱ्याला कोपरखळी म्हणून तिचे नाव पडले 'युनिक्स'.

युनिक्स विद्यापीठांतून पसरली, पण मालकी एटी अँड टी कंपनीची. प्रणालीची मूळ आज्ञावली पाहायची तर परवाना हवा. ती शेजाऱ्याला देण्याची मुभा नाही. या बंधनाविरुद्ध एमआयटीतील रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी नव्या प्रणालीची घोषणा केली. तिचे नाव 'ग्नू'. जी, एन, यू या आद्याक्षरांचा विस्तार 'ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे' असा! पहिल्या अक्षराची फोड करावी तर पुन्हा तेच नाव समोर येते. समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांसारखे.

हा केवळ शब्दखेळ नव्हता. ग्नू चालणार युनिक्ससारखीच, पण तिच्यात युनिक्सची एकही ओळ असणार नव्हती. आणि ती वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार प्रत्येकाला असणार होता. १९८९ मध्ये या अधिकाराला परवान्याचे कायदेशीर रूप मिळाले : ज्याला हे स्वातंत्र्य मिळाले, त्याने पुढे देताना ते हिरावून घेऊ नये. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेला 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा पुढच्याच वर्षी याच परवान्याखाली आला आणि स्टॉलमन यांच्या कार्यातील मोठी उणीव भरून निघाली.

या प्रवाहाशी आपला थेट संबंध आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ मध्ये 'भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स' ही मराठीसह भारतीय भाषा जाणणारी प्रणाली दिली. तिचे लघुनाम 'बॉस'. ग्नूने नावातून नकार नोंदवला. येथे नावातच मालकी आहे. परंतु ही प्रणाली उभी आहे ती 'डेबियन' या, देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी घडवलेल्या ग्नू-लिनक्स संचावर. यात कमीपणा काहीच नाही. ज्ञान कोठूनही घ्यावे. ते उघडून पाहण्याचा व दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्या हाती आहे की नाही, एवढेच तपासावे. स्वदेशीची खरी कसोटी ती आहे.

मात्र अधिकार मिळाला म्हणजे मालकी आली असे नव्हे. घराची किल्ली खिशात ठेवून ओसरीवरच बसणाऱ्याला कोणी घरमालक म्हणत नाही. आज्ञावलीतील दोष शोधणारे, मराठी शब्दयोजना तपासणारे, सुधारणा करून ती सर्वांना परत देणारे हात आपल्या महाविद्यालयांतून तयार झाले, तरच 'बॉस' हे नाव सार्थ ठरेल. एरवी 'भारत' हा शब्द वेष्टनावर राहील आणि मालक दुसराच कोणी असेल.