तबकडीतला पाठभेद

मराठीच्या प्राध्यापकाने घड्याळांच्या भानगडीत पडू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. मी पडलो. बाबांचे चावीचे 'एचएमटी जनता' दादाकडे गेले, तेव्हा तसेच एक आपल्याही मनगटावर असावे असे मला वाटू लागले. आणि अशा वस्तू हल्ली बर्डीवरच्या दुकानांपेक्षा मोबाइलच्या पडद्यावर लवकर सापडतात.

बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने 1961 साली मनगटी घड्याळे काढली. 2016 साली सरकारने तो घड्याळांचा कारभार गुंडाळायचे ठरवले. जुन्या घड्याळांचे हौशी मात्र वाढतच गेले. यंत्र दणकट, चाळीस वर्षांनीही साफ करून तेल दिले की चालू लागते. तबकडी बिचारी ओलीने डागाळते. मग जुना रंग काढून नवा चढवतात, अक्षरे पुन्हा छापतात आणि जाहिरातीत लिहितात, 'अस्सल, जुने'.

माझे घड्याळ आले ते कालच घडवल्यासारखे झळकत. कडा झिजलेल्या, पाठ ओरखडलेली, आणि चेहराच तेवढा सोळा वर्षांचा कसा? ही शंका अर्थातच पैसे भरल्यावर आली. भिंग लावले. देवनागरीतल्या 'जनता'ची शिरोरेषा मध्येच जाडावलेली, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी फटकून, तळाची बारीक ओळ शाई फुटल्यासारखी पसरट. कारखान्याच्या छपाईत अक्षराची कड कशी रेखीव असते! विक्रेत्याने छायाचित्र तिरपे का काढले होते, तेही तेव्हा उमगले. वाचकहो, तबकडीचे समोरून, अगदी जवळून काढलेले चित्र मागा. झाकण उघडून यंत्राचेही मागा. टाळाटाळ करील त्याच्या वाटेस जाऊ नका. भडक निळ्या-केशरी तबकड्या तर बहुधा रंगवलेल्याच.

नाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. तेव्हा गेल्या दिवाळीत दादा आमच्याकडे महालात आला, त्या वेळी मूळ पाठ ताडून पाहावा म्हणून बाबांचे घड्याळ मोठ्या ऐटीत भिंगाखाली धरले.

शिरोरेषा जाडावलेली. मिनिटांच्या रेघा फटकून.

"काय झालं रे?" आईने विचारले. मी सांगितले. करंजीची कड मुरडता मुरडता ती म्हणाली, "तू चार वर्षांचा असताना न्हाणीतल्या बादलीत टाकलं होतंस. रात्रभर पाण्यात राहिलं. ह्यांनी इतवारीतल्या घड्याळजीकडून तबकडी रंगवून आणली. तुला कुणी बोलायचं नाही, अशी आम्हांला ताकीद होती."

दादाला हे ठाऊक होते. तो हसत म्हणाला, "मग बदलायचं का? दोन्ही सारखीच खोटी."

मी मनगटावरचे घड्याळ काढून त्याच्यापुढे ठेवले.