अडुळसा : खोकल्याचा जुना सोबती

युसूफ वडगाव काय किंवा केज तालुक्यातले दुसरे कोणते गाव काय, घरात खोकला सुरू झाला की पहिली आठवण अडुळशाची होते. लांबट हिरवी पाने, पांढरी फुले आणि चव कमालीची कडू. बकरीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. तमिळ भाषेत तर त्याचे नावच 'बकरी न शिवणारे' अशा अर्थाचे आहे.

या पानांत वासिसीन नावाचे द्रव्य असते. घट्ट कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध त्यावरूनच तयार झाले. म्हणजे दादी-नानीचा हा नुस्खा पोकळ नाही.

सात-आठ ताजी पाने धुऊन वाफवावीत, ठेचून फडक्यातून पिळावीत. मोठ्या माणसाने चहाचे दोन चमचे रस एक चमचा मधातून सकाळ-संध्याकाळ तीन-चार दिवस घ्यावा. डायबेटिस असेल तर मध टाळावा. गरोदर बाईने अडुळसा घेऊच नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावते. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये.

आता एक काळजीची गोष्ट. आपल्या भागातली माणसे ऊसतोडीला जातात. तिथे कोपीत दाटीने राहणे, चुलीचा धूर, अर्धपोटी मेहनत. परत आल्यावर खोकला राहतो आणि 'धुळीचा असेल' म्हणून महिनाभर काढाच चालतो. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर तो टीबी असू शकतो. अडुळसा कफ सैल करतो, टीबीचे जंतू मारत नाही.

सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. इलाज साधारण 6 महिन्यांचा असतो. नोव्हेंबर 2024 पासून रुग्णाला पोषणासाठी महिन्याला 1000 रुपयेही मिळतात.

मुलीच्या रिश्त्यात अडचण येईल, या भीतीने काही घरे हा आजार लपवतात. लपवल्याने तो घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचतो. औषध नियमित सुरू झाले, तर काही आठवड्यांत लागण होण्याची भीती बरीच कमी होते आणि माणूस पुरता बरा होतो.

अडुळसा अंगणात जरूर लावा. पण पंधरा दिवसांत खोकला थांबला नाही, तर दवाखाना गाठा. दुआ करावी आणि दवाही पुरी करावी.