लुटुपुटूची लढाई

मे महिन्याच्या सुट्टीत मगरिबनंतर आमची बैठकीची खोली म्हणजे रणांगण असते. धाकटे चिरंजीव आणि त्यांचे तीन दोस्त सतरंजीवर भिंतीला टेकून बसतात. मोबाइल चार आणि चार्जिंगचा प्लग एक, त्यामुळे पहिली लढाई तिथेच होते. दुसरी होते बीजीएमआय नावाच्या खेळात. ज्यांच्या घरी हा खेळ अजून पोहोचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, रिकाम्या घरांतून बंदुका आणि औषधे गोळा करतात आणि शेवटपर्यंत जो गट टिकेल तो जिंकतो. गट चौघांचा. एखादा जखमी होऊन पडला, तर त्याने हाक मारायची आणि दोस्ताने जाऊन त्याला उठवायचे. आम्हाला या खेळाचे फार कौतुक नाही. मगरिब ते इशा एवढीच मुदत दिलेली आहे. अजान झाली की चारही मोबाइल टेबलावर.

हे चौघे चार माध्यमांचे. आमचा मुलगा सेमी इंग्रजीचा, दुसरा इंग्रजी माध्यमाचा, तिसरा खालच्या मजल्यावरचा मराठी माध्यमाचा आणि चौथा आमच्याच उर्दू शाळेचा. त्याचे अब्बा शिवणकाम करतात. नुकतीच दहावीची परीक्षा दिली आहे आणि विज्ञानात मुलगा हुशार. चौघांची मिळून जी भाषा होते तिला नाव नाही. दखनी, मराठी आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदतात.

एका संध्याकाळी उर्दूवाला पडला आणि ओरडला, "आय ॲम डाइड! आय ॲम डाइड! जल्दी आओ रे!"

इंग्रजीवाल्याने बंदूक सोडली. "अरे, आय डाइड म्हण, नाहीतर आय ॲम डेड म्हण. आय ॲम डाइड काय?"

"पण तो मेलाच नाही, नॉक झालाय," आमच्या मुलाने दुरुस्ती केली.

"मेलेल्या माणसाने कसलंही इंग्रजी बोलावं," मराठीवाला म्हणाला, "त्याला कोण मार्क कापणार?"

वाद एवढा रंगला की तेवढ्यात शत्रूने येऊन चौघांनाही उडवले. चौघेही पोट धरून हसले. उर्दूवालाही हसला. स्वयंपाकघरात हातात पलिता घेऊन आम्हीही हसलो.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. दुसऱ्या दिवशी मात्र त्याचे नावच "डाइड" पडले. "ए डाइड, पाणी दे." "डाइडभाई, सरक." तिसऱ्या दिवसापासून पोरगा खेळायचा, पण बोलायचा नाही. पडला तरी हाक मारेना. उठवणारा दोस्त शेजारी मांडीला मांडी लावून बसलेला असताना हा नुसता पडून राहायचा. "अरे, सांगायचं ना!" म्हटले की म्हणायचा, "ध्यान में नहीं आया."

आमच्याही ध्यानात आले नव्हते. आठवड्याने तो जिन्यात भेटला आणि म्हणाला, "टीचर, अकरावीला मी आर्ट्सच घेतो."

"का रे? तुला तर सायन्सला जायचं होतं."

"तिथे सगळं इंग्रजीत असतं. तोंड उघडलं की हसतील."

स्वयंपाकघरातले आमचे ते हसणे आम्हाला त्याच जिन्यात आठवले. आर्ट्स घेणे वाईट नाही, आम्ही स्वतः आर्ट्सचेच. पण आवड म्हणून घेणे वेगळे आणि भीतीने घेणे वेगळे.

आम्ही स्वतः हे भोगले आहे. बीएडला सरावपाठ घेताना आम्ही "माझी पुस्तक" म्हणून गेलो. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, त्यामुळे आमच्या जिभेवर पुस्तकही बाईच झाली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. पुढचे पंधरा दिवस आम्ही वर्गात हात वर केला नाही. मग एक मराठी मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मला गझल गायची हौस आहे, पण उच्चार धड नाहीत. तू माझे उच्चार सुधार, मी तुझं लिंग आणि वचन बघते." वर्षभर आम्ही एकमेकींच्या चुका काढल्या आणि भरपूर हसलोही. पण एकदाही लागले नाही. तिने आमच्यासमोर स्वतःची चूक ठेवली होती, म्हणून आमची चूक तिच्यासमोर ठेवायला लाज वाटली नाही. दुरुस्ती दोघांचीही झाली तर तो खेळ राहतो. रोज एकाचीच झाली तर तो गप्प होतो.

त्याच आठवड्यात खेळात नवा वाद उभा राहिला. मुले बंदुका, औषधे गोळा करतात त्याला "लूट" म्हणतात. इंग्रजीवाला म्हणाला, "लूट हा इंग्रजी शब्द आहे."

"वा रे वा!" मराठीवाला उसळला. "दसऱ्याला आम्ही सोनं लुटतो ते काय इंग्रजीत?"

चार ग्लास उसाच्या रसाची पैज लागली आणि निवाड्याला आम्हाला बोलावले. आम्ही मुद्दाम कोपऱ्यातल्या गप्प गड्याकडे पाहिले. "तुझं काय म्हणणं?"

थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, "लूटमार, लुटेरा... हमारे किताब में भी है, टीचर."

कपाटातला इंग्रजी शब्दकोश काढला. त्यात स्पष्ट लिहिले होते: हा शब्द हिंदीतून आला. कंपनीच्या राजवटीत इंग्रजांनी इथून काय काय नेले ते आपण इतिहासात शिकतो, हा शब्दही त्यातलाच. बंगला, जंगल, पायजमा, खाकी हेही इथूनच गेले.

मग आम्ही मुलांना हॉब्सन-जॉब्सनची गोष्ट सांगितली. मुहर्रमच्या मिरवणुकीत "या हसन, या हुसैन" असा पुकारा चाले. गोऱ्या शिपायांच्या कानाला तो कळेना. ऐकता ऐकता आणि बोलता बोलता त्याचे झाले "हॉब्सन-जॉब्सन". पुढे हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या इथल्या शब्दांचा मोठा कोश केला. 1886 मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्याला नाव दिले "हॉब्सन-जॉब्सन".

खोलीत क्षणभर शांतता. मग उर्दूवाला हळूच म्हणाला, "म्हणजे ते चुकले तर डिक्शनरी, आणि मी चुकलो तर डाइड?"

इंग्रजीवाल्याचा चेहरा उतरला. मुलगा मनाचा वाईट नाही. पैज तो हरला होता. खाली जाऊन त्याने रस आणला आणि पहिला ग्लास कुणाला दिला ते आम्ही पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन आम्ही विचारले, "घरी लग्नाची उर्दू पत्रिका आली की कोण वाचतं?" म्हणाला, "दादीजान. मला येत नाही." मग ठरले. खेळ सुरू होण्याआधी पंधरा मिनिटे एकाने दुसऱ्याला उर्दू वाचायला शिकवायचे, दुसऱ्याने पहिल्याला इंग्रजी. काफ आणि क़ाफमध्ये इंग्रजीवाल्याची जी तारांबळ उडते ती पाहून आता दुसरा पोट धरून हसतो. हसू द्यावे. आता हसणे दोन्हीकडून आहे.

एकमेकांची टिंगल करू नका, वाईट नावांनी हाक मारू नका, ही ताकीद आपण सूरह हुजुरातमध्ये वाचतो. वाचताना दूरचे लोक डोळ्यांपुढे येतात, आपली बैठकीची खोली येत नाही. मुलांचे सोडा, आपण मोठी माणसे तरी काय करतो? नव्या सुनेचे शीन-क़ाफ दुरुस्त नाही म्हणून नणंदा तोंडाला पदर लावतात. ती "हौ" आणि "नक्को" म्हणाली की तिची नक्कल होते. तो "नक्को" आपल्या मराठीतलाच "नको" आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग ती सासरी कमी बोलू लागते आणि आपण म्हणतो, सून फार शांत आहे हो!

तेव्हा वाचक भगिनींनो, घरात हसण्याचा आवाज आला की आनंद माना, पण कुणाचा आवाज येईनासा झाला आहे तेही एकदा कान देऊन ऐका. आम्हाला ते ऐकायला आठवडा लागला, आणि आम्ही तर शिक्षक.

अकरावीचा निर्णय अजून झालेला नाही. "रिझल्ट लगने दो, टीचर," एवढेच तो म्हणतो. पण काल खेळात पुन्हा पडला आणि खोली दणाणून सोडली, "आय ॲम नॉक! आय ॲम नॉक!"

"नॉक्ड म्हण, नॉक्ड!" इंग्रजीवाला ओरडला.

"पहले उठा, बाद में पढ़ा!"

इशाची अजान व्हायला पाच मिनिटे होती. त्याने आधी उठवले.